येमेन काय, ओमान काय

"मग ते पहिले सोळा सोमवार वायाच गेले का हो, आक्का?"

सुपातले तांदूळ निवडता निवडता गयाबाईने विचारले.

तुळसाक्का हसल्या. आक्कांनी ऐंशी ओलांडली होती. शेंदूरघाटच्या महादेवाच्या ओवरीत बसून गेली चाळीस वर्षे त्या बायकांना पोथी वाचायला शिकवत होत्या. त्यांच्या नवसाची गोष्ट गावातल्या प्रत्येकीला पाठ, तरी कुणी ना कुणी ती पुन्हा काढायचीच.

गोष्ट अशी. आक्का लग्न होऊन गोदावरीच्या दक्षिण काठावरून या उत्तर काठावर आल्या आणि वर्षाच्या आत मालकांना तापाने धरले. महिना झाला तरी ताप हटेना. आक्का सोळा सोमवार बोलल्या. दर सोमवारी ओल्या केसांनी घाटावर यायचे, तळहातावर पाणी नि अक्षता घ्यायच्या आणि माहेरी आईने शिकवलेला संकल्प सोडायचा. भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे... सोळाव्या सोमवारी मागे उभ्या असलेल्या सासूबाईंच्या कानावर ते शब्द पडले. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं सूनबाई, आपण उत्तर काठावर राहतो. सोळा सोमवार महादेवाला होडीत बसवून पलीकडे पाठवलंस होय?"

"वाया कशाला जातील?" आक्का म्हणाल्या. "मालकांचा ताप सातव्याच सोमवारी उतरला होता."

"तरी तुम्ही पुन्हा सोळा केले?"

"केले की. मजेत केले."

"ते कशापायी?"

आक्का काही बोलणार, तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला.

"ते कशापायी का असेना. ताप उतरला ना? झालं तर. देवाच्या दारातसुद्धा चूक चालते, आणि लोक माझ्या मागं लागलेत."

वैजयंता नागवडे चपला काढत होती. गळ्यात कालच्या सभेतला हार तसाच होता. तो काढून तिने दीपमाळेला अडकवला आणि ओवरीत येऊन आक्कांच्या पाया पडली.

वैजयंता याच ओवरीत पोथी वाचायला शिकली. सगळ्यांत आधी शिकली, आणि शिकल्याबरोबर दुसऱ्यांच्या चुका काढू लागली. पुढे जिल्हा परिषदेवर गेली, अध्यक्ष झाली. आता लोकसभेला उभी होती. मतदानाला बारा दिवस उरले होते.

"ये वैजू," आक्का म्हणाल्या. "उन्हाची आलीस. आधी पाणी पी."

"पाणी नको, आक्का. उत्तर द्या."

"प्रश्न तरी कळू दे."

वैजयंता भिंतीला टेकून बसली आणि तिने सगळे सांगून टाकले. जिल्ह्याच्या सभेत तिच्या तोंडून निघून गेले, की आपली मोसंबी नेपाळच्या बंदरातून बोटीने परदेशी धाडू. नेपाळला समुद्र नाही, हे तिला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. तिथे चित्र आले होते. बर्फाच्या डोंगराच्या टोकावर एक बोट, बोटीत मोसंब्यांची पाटी आणि पाटीवर वैजयंता. त्यानंतर मस्कत ही येमेनची राजधानी, असे ती दोन सभांत बोलली. तेही छापून आले.

गयाबाईला बर्फातल्या बोटीचे हसू आले. तिने ते पदरात लपवले.

"हस गं मावशी," वैजयंता म्हणाली. "सगळा जिल्हा हसलाय."

"मग प्रश्न काय?" आक्कांनी विचारले.

"प्रश्न हाच. याने काही बिघडतं का? माझी माणसं म्हणतात, एक मत हलत नाही. लोक रस्ता बघतात, कालव्याचं पाणी बघतात. लग्नाला कोण आलं, मौतीला कोण आलं ते बघतात. येमेन काय, ओमान काय, सगळं तिकडंच. आपल्या शेंदूरघाटला त्याचं काय?"

"खरंय," आक्का म्हणाल्या.

"बघा. तुम्हीच म्हणताय."

"कुणाला काही वाटलं नाही म्हणतेस?"

"कुणालाच नाही. याच गावात बोलले गेल्या आठवड्यात. कुणी हूं की चूं केलं नाही."

"मग विचारायला कशाला आलीस?"

...

वैजयंताने पाण्याचा तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा प्याली.

"ती बोट डोळ्यांपुढून हलत नाही, आक्का," तांब्या खाली ठेवत ती म्हणाली. "जाऊ द्या. मी काही भांडायला आले नाही. माझ्यासाठी संकल्प सोडा. विजयाचा. तुमच्या हातचा."

आक्का लगेच उठल्या. म्हातारे माणूस एवढ्या हौसेने उठलेले पाहून वैजयंताचा चेहरा खुलला. दोघी पिंडीपुढे बसल्या. आक्कांनी तिच्या तळहातावर पळीभर पाणी घातले, चार अक्षता ठेवल्या, एक बेलाचे पान ठेवले. स्वतः डोळे मिटले.

"भरतखंडे... दंडकारण्ये देशे... गोदावर्याः दक्षिणे तीरे..."

"आक्का, उत्तरे."

आक्का थांबल्या नाहीत. "दक्षिणे तीरे, वैजयंता नाम्नी..."

"आक्का, उत्तर तीर. दक्षिण काठ दुसऱ्या मतदारसंघात जातो. तिथून मी उभीच नाही."

"असू दे गं. काठ काय, हा काय नि तो काय. नदी तर एकच."

"एकच कशी? माझी सगळी मतं या काठावर आहेत."

"देवाला कळतं, पोरी."

"देवाला कळेल हो. पण म्हणायचं ते बरोबर म्हणायला नको?" वैजयंताने मूठ आवळली. बोटांच्या फटीतून पाणी गळू लागले. "ते माझं गाव आहे, आक्का."

आक्कांनी डोळे उघडले.

ओवरीतला सुपाचा आवाज थांबला.

मग गयाबाई ओवरीतून हळूच म्हणाली, "माझा भागवत तिकडं अरबस्तानात हाये, ताई."

वैजयंता वळली. भागवत तिला ठाऊक होता. गयाबाईचा थोरला, परदेशात बंदरावर क्रेन चालवतो. त्याच्या मालकाची कंपनी बुडाली. त्याचा पासपोर्ट मालकाच्या बंद कपाटात अडकला. तीन महिने तो नुसता बसून होता, घरी येता येईना. गयाबाई रडत तिच्याकडे आली होती, आणि वैजयंताने तिच्यासाठी दूतावासाला पत्र पाठवले होते. गेल्या आठवड्यातल्या सभेत तिने त्याचे नावसुद्धा घेतले होते. येमेनमध्ये अडकलेल्या आपल्या भागवतला मी परत आणीन, असे म्हणाली होती.

"माहीत आहे, मावशी. त्याचं पत्र केव्हाच गेलंय."

"तसं नव्हं. तुम्ही भोंग्यावर येमेन म्हणालात. मी घरी भाकरी थापत होते." गयाबाई सूप बाजूला ठेवून पुढे सरकली. "येमेनात लढाई चालली आहे, हे मला ठाऊक. मी रोज रेडिओ लावते. पोरगं तिकडं आहे तर आईनं ऐकायला नको? मला वाटलं, मालकानं माझ्या लेकराला उचलून येमेनात नेऊन टाकलं. मला न सांगता. ताईंना सरकारातून कळलं असंल."

"मग?"

"मग काय? भाकरी तव्यावर राहिली. दोन दिवस पोटात पाण्याचा घोट नाही. रविवारी त्याचा फोन आला. मी त्याला बोलूच देईना. मेल्या, तुला येमेनात जायला कुणी सांगितलं होतं, म्हणून सोलून काढला त्याला." गयाबाईला आता तिचे तिलाच हसू फुटले. "त्यो म्हणतो, आई, मी हाय तिथंच हाय, ओमानमध्ये. येमेनला काय मरायला जाऊ? तू जेवलीस का? मी म्हटलं, आता जेवते. चार भाकरी खाल्ल्या बघा, आक्का. फोन कानाला लावून खाल्ल्या."

आक्का खळखळून हसल्या. गयाबाईही हसली.

वैजयंता मात्र हसली नाही. तिच्या मनात भलतेच काही आले होते.

"मावशी, त्या पत्राची नक्कल तुझ्याकडं दिली होती ना?"

"हाय की. पोथीत ठेवली. रोज हळदकुंकू वाहते."

गयाबाईने पिशवीतून पोथी काढली आणि पोथीतून घडी. कागदावर हळदीची बोटे उमटली होती. वैजयंताने घडी उलगडली. खाली तिची सही होती, अगदी झोकात. सहीकडून तिची नजर वर गेली...

तो दिवस तिला आठवला. कचेरीत चाळीस माणसे बसली होती. लिहिणाऱ्याने विचारले, ताई, कुठला देश? आणि ती कुणाशी तरी फोनवर बोलता बोलता म्हणाली, येमेन की ओमान काहीतरी, येमेन टाक.

"काय झालं, ताई?" गयाबाईने विचारले. तिला सहीपुरती अक्षरे येत होती, बाकी सगळी पोथी ती कानाने शिकली होती. "काय लिवलंय त्याच्यात? मला एकदा वाचून दाखवा ना. कुणी वाचूनच दाखवलं नाही."

वैजयंताच्या ओठांवर सोपे उत्तर तयार होते. तुझ्या भागवतला लवकर सोडवा, असे लिहिले आहे. एवढेच म्हटले असते तरी गयाबाईने कागद कपाळाला लावला असता. नवे पत्र नंतर गुपचूप पाठवता आले असते.

तिने आक्कांकडे पाहिले. आक्का पिंडीवरची सुकलेली पाने वेचत होत्या. मदतीला येण्याचे काही लक्षण दिसेना.

"भारतीय दूतावास," वैजयंता वाचू लागली. आवाज बारीक झाला होता. "येमेन."

गयाबाईने कागदावर वाकून पाहिले.

"मावशी, पत्र चुकीच्या देशात गेलं. म्हणून तीन आठवडे उत्तर नाही. माझ्यामुळं गेलं. मी नीट विचारलंच नाही."

गयाबाईने कागद परत हातात घेतला.

"म्हणजे," गयाबाई सावकाश म्हणाली, "त्यांनी माझ्या पोराला नाही म्हटलेलं नाही."

"नाही गं. त्यांना अजून ठाऊकच नाही."

"आई गं." गयाबाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "मी समजले होते, नाही म्हटलं. ताई, मी रोज वाट बघून समजले होते, की नाहीच म्हटलं. मग आता बरोबर धाडा की. अजून दार वाजवलंच नाही, तर उघडणार कसं?"

ही बाई आपल्याला चार शब्द सुनावेल म्हणून वैजयंता मान खाली घालून बसली होती. पण गयाबाई तिचा दंड धरून तिला हलवत होती, लग्नघरात कामाला लावतात तशी.

वैजयंताने जमिनीवरच मांडी घातली. गयाबाईकडे पोथीत खुणेला घातलेला एक कोरा कागद होता, तो घेतला. पेन तिच्याजवळ होतेच.

"सांग, मावशी. गाव कुठलं?"

"सलाला."

"ओमानमध्येच ना?"

"ओमानमध्येच. पार खालच्या टोकाला. येमेन तिथून जवळ आहे म्हणतो, पण तिकडं जायचं नाही. नारळ होतात तिथं, ताई. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात. मला वाटायचं, अरबस्तान म्हणजे नुसती वाळू. तो म्हणाला, आई, इथं धुकं पडतं, आणि गाड्या भरभरून माणसं पाऊस बघायला येतात."

"आणि मस्कत?"

"मस्कत वरच्या अंगाला. बसनं गेलं तर अख्खा दिवस जातो. आपलं ऑफिस मस्कतला आहे, कारण ती त्यांची राजधानी." गयाबाई एकदम थांबली. राजधानी हा शब्द आपण कुणापुढे उच्चारला, हे तिच्या ध्यानात आले. "म्हणजे, असं भागवत सांगतो."

"भागवत बरोबर सांगतो," वैजयंता म्हणाली, आणि मग तिला इतके हसू आले की पेन खाली पडले. "मावशी, तुला माझ्या गाडीत बसवून सभेला न्यायला हवं होतं."

दोघींनी मिळून पत्र लिहिले. खोलीचा पत्ता, कंपनीचे नाव, मालकाचे नाव, ते बंद कपाट ज्या गोदामात होते त्याचा नंबर, सगळे गयाबाईला तोंडपाठ होते. वैजयंताने एकेक शब्द तिला परत वाचून दाखवला आणि तिने हूं म्हटल्यावरच पुढचा लिहिला. शेवटी फोनवर फोटो काढून ते मस्कतला रवाना झाले. गयाबाईने फोनच्या काचेलाही हळदकुंकू लावले.

जाताना वैजयंता आक्कांपुढे उभी राहिली.

"आक्का, ताप तर उतरला होता. मग पुन्हा सोळा कशासाठी केले?"

"मला या काठावर राहायचं होतं, वैजू."

...

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैजयंताने शेंदूरघाटच्या बाजारतळावर पुन्हा सभा घेतली. तिची माणसे नको म्हणत होती. झालेली चूक आपणच कशाला उगाळायची? ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गेल्या आठवड्यात मी इथं येमेन म्हणाले. भागवत ओमानमध्ये आहे. माझ्या बोलण्यानं गयामावशी दोन दिवस उपाशी राहिली. मी चुकले. बाकीचं भाषण आज राहू दे. तुमच्यापैकी कुणाचं कोण परदेशात आहे, आणि नेमकं कुठं आहे, तेवढं मला सांगा. मी लिहून घेते."

मग शिलाईवाले रशीदचाचा उभे राहिले. पुतण्या दोह्याला, हॉटेलात. दोहा म्हणजे कतार, ताई, असेही त्यांनी शांतपणे सांगितले. मग अंगणवाडीतली मंगल उठली. लेक कुवेतला नर्स आहे, पहिल्यांदाच बाळंत होणार आहे, आईला जायचा व्हिसा मिळत नाही. एका म्हाताऱ्याचा नातू जर्मनीत शिकत होता. गावाचे नाव म्हाताऱ्याला घेता येईना, तर मागून कुणी तरी ते अक्षर अक्षर जोडून दिले. पाऊण तास हे चालले. लोक एकमेकांना गावे सांगू लागले, कुठे किती वाजले असतील त्याचा हिशेब मांडू लागले. शेंदूरघाटची माणसे एवढ्या लांबवर पसरली आहेत, हे शेंदूरघाटला त्या दिवशी प्रथमच कळले.

"ताई," मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "नेपाळच्या बंदरात मात्र आपलं कुणी नाही बरं का."

सगळा बाजारतळ हसला. सगळ्यांत आधी वैजयंता हसली.

आठव्या दिवशी मस्कतहून उत्तर आले. भागवतला नवीन कागद मिळणार होते, पंधरवड्यात तो निघू शकणार होता. गयाबाईने गावभर साखर वाटली. मत कुणाला देणार, असे कुणीतरी तिला विचारले. ती म्हणाली, "ते माझं मी बघेन. आज साखर घे."

ही आनंदाची बातमी घेऊन वैजयंता ओवरीत आली. आक्कांच्या हातावर साखर ठेवली. पण तिच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी मावत नव्हते.

"आक्का, अजून एक गंमत. दिगंबरराव."

दिगंबरराव म्हणजे तिच्याविरुद्ध उभे राहिलेले उमेदवार. महिनाभर ते प्रत्येक सभेत बर्फातल्या बोटीचे चित्र फडकावत होते.

"काय झालं त्यांना?"

"काल भर सभेत म्हणाले, कुवेत म्हणजे दुबईतलाच एक तालुका." वैजयंता हसता हसता खांबाला टेकली. "माझ्या पोरांनी शाळेतलं नकाशांचं मोठं पुस्तक आणून ठेवलंय. खणात गुंडाळून, वर नारळ ठेवून, वाजतगाजत त्यांच्या दारात पोचवायचं. ओटी भरायची त्यांची. तुम्ही फक्त हो म्हणा."

आक्काही हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. साखरेचा एक दाणा जिभेवर ठेवून त्यांनी तो विरघळू दिला.

"कुवेतला कुणाची लेक आहे म्हणालीस?"

"मंगलची. अंगणवाडीतली."

"मंगलच्या व्हिसाचं काय झालं?"

"अजून नाही झालं. दिगंबररावांचे मेहुणे दिल्लीत परराष्ट्र खात्यातच आहेत, पण..."

वैजयंता खांबापासून सरळ उभी राहिली.

आक्कांनी उरलेली साखर तिच्याच तळहातावर ठेवली आणि तिची बोटे मिटवली.

"चूक दाखवायला तुला गयाबाई भेटली, वैजू. नकाशा नको, तू मंगलला घेऊन दिगंबररावांच्या दारी जा."